पेटीची मूठ

“मूठ पेटीत बसली की माझ्याशी कुणी बोलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी तोंडातून ब्र काढायचा नाही. कळलं?”

बाबांनी हे तिला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ती त्यांच्या कमरेला लागत होती आणि त्यांचा डबा घेऊन खाणीच्या काठावर आली होती. पुढे ती मोठी झाली, खाणीच्या भोंग्यावर कामाला लागली, सगळे तिला भोंगेताई म्हणू लागले, तरी ते वाक्य तिच्या कानात तसंच राहिलं. बाबांचा आवाज तेव्हा चढलेला नव्हता. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. ज्याचा शब्द खाली पडत नाही, त्याला ओरडावं लागत नाही.

खाण दगडाची. कड्याला भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची, तारा ओढत वर काठापर्यंत आणायच्या आणि एका लाकडी पेटीला जोडायच्या. पेटीला लोखंडी मूठ बसवून पिरगाळली, की खाली सुरुंग उडे. मूठ काढून घेतली, तर ती पेटी म्हणजे नुसतं खोकं. आणि ती मूठ असायची बाबांच्या उजव्या खिशात. खाली एकही माणूस असेतो ती खिशाबाहेर निघत नसे. एकदा मोठ्या मालकांनी सहज हात पुढे केला, बघू म्हणाले, कशी असते ती. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, “खाली माणसं आहेत” एवढंच म्हणाले आणि कपातला चहा बशीत ओतून प्यायला लागले. मालकांचा हात तसाच राहिला. ही गोष्ट ड्रिल मशीनवरच्या बडबड्यानं पुढे कितीतरी दिवस पुरवून पुरवून सांगितली. “मोठे मालक बंगल्यात राहतात, खरे मालक खड्ड्याच्या काठावर बसतात,” असं तो म्हणे. तेव्हापासून बाबांचं नावच खरे मालक पडलं.

बाबांनी काठावर एक रीत घालून दिली होती. सुरुंगाआधी खालची माणसं पायवाटेनं वर येत, आणि पेटीजवळून जाताना प्रत्येकानं आपल्या तोंडानं “आलो” म्हणायचं. बाबा पाठमोरे बसलेले असत, वळून बघत नसत. एकेक आवाज ऐकत आणि मनातल्या मनात तो तो माणूस सुखरूप बाजूला काढून ठेवत. दुसऱ्याच्या वतीनं “तोही आलाय” म्हटलेलं चालत नसे. एकदा एकाचा घसा पार बसला होता, तर बाबांनी त्याला पेटीवर टिचकी मारायला लावली. त्यावर बडबड्या म्हणाला, उद्यापासून मीपण टिचकीच मारतो, तेवढीच जिभेला सुट्टी. सगळे हसले, कारण बडबड्याची जीभ झोपेतही सुट्टी घेत नाही, असं त्याची बायकोच सांगायची.

मशीनची आवराआवर करून बडबड्या नेहमी शेवटी वर यायचा. त्याचं “आलो” कधी साधं नसे. “आलो खरे मालक, पण मन खालीच राहिलंय.” “आलो, पण घरी कळवू नका, ती काहीतरी काम लावील.” बाबा हसत नसत. पण बडबड्याचा आवाज झाला, की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जाई.

घरातही तसंच होतं. दार किती वाजता लावायचं, कुणाकडे जायचं आणि कुणाकडे नाही, भिंतीला रंग कुठला द्यायचा, सगळं बाबांनी मान हलवल्यावर. “घराची मूठसुद्धा यांच्याच खिशात,” आई हळूच म्हणे. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. स्वतःचं म्हणावं असं आईकडे एकच होतं, तिचा एक नेम. पहिला भोंगा ऐकू आला, की हातातलं काम खाली ठेवायचं, आणि सगळं ठीक असल्याचा दुसरा भोंगा होईपर्यंत पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. हा नेम तिला कुणी सांगितला नव्हता. नवी नवरी म्हणून या घरात आली आणि पहिल्यांदा पायाखालची जमीन हादरली, तेव्हा ती पाणी पीत होती. तिनं पेला खाली ठेवला आणि देवाजवळ काय बोलायचं ते बोलली. काय बोलली, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मग खाणीवर नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. एकेकाचं “आलो” ऐकत बसण्यात फार वेळ जातो, म्हाताऱ्याला आता ऐकू तरी नीट येतं का, बटणाची नवी पेटी आणली तर हे काम कुणीही करील, असं ते मुकादमाशी बोलले. मुकादमानं ते अगदी इमानेइतबारे बाबांच्या कानावर घातलं. त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं. एरवी पहिल्या घासाला मीठ मागणारे बाबा पान संपवून उठले आणि हात धुऊन आले. आईनं आणि तिनं एकमेकींकडे बघितलं. बाबा घाबरले आहेत, हे ओळखायला दोघींना एवढं पुरेसं होतं.

त्यानंतरच्याच आठवड्यात साहेबांचे पाहुणे सुरुंग बघायला आले. ते नेमके पायवाटेच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. त्यांना धक्का लागायला नको म्हणून मुकादमानं खालच्या माणसांना ट्रकच्या रस्त्यानं वर काढलं, आणि तो रस्ता निघतो खाणीच्या पार पलीकडच्या अंगाला. पेटीजवळून कुणीच गेलं नाही. भोंग्याची खोली थोड्या उंचावर होती. तिथून तिला पायवाट, पेटी आणि बाबांची पाठ, तिन्ही समोर दिसत. मुकादम धापा टाकत आला आणि बाबांना म्हणाला, “सगळे आले.” साहेब घड्याळाकडे बघत पाहुण्यांशी काहीतरी बोलले, पाहुणे हसले. बाबा जरा वेळ तसेच बसून राहिले. त्यांनी मान किंचित वळवली, जणू पायवाटेवर कुणाची चाहूल लागते का ते बघत होते. मग त्यांनी हात वर केला.

हात वर झाला की पहिला भोंगा द्यायचा. तिनं दिला. देता देताच तिच्या मनात आलं, बडबड्याचा आवाज ऐकला नाही. पाठोपाठ मनात आलं, आज तर कुणाचाच ऐकला नाही. आणि लगेच असंही, की बाबांना माहीत असेल. बाबांना माहीत नाही, असं कधी झालंय? तिनं खिडकीची काच सरकवली, तोंड उघडलं. तोवर बाबांनी मूठ पेटीत बसवली होती. आणि मूठ बसल्यावर त्यांच्याशी बोलायचं नव्हतं.

जमीन हादरली. धूळ वर आली आणि हळूहळू खाली बसली. पाहुण्यांपैकी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मुकादम कड्याकडे बघत होता, त्याच्या तोंडून “पाइप” एवढा एकच शब्द निघाला आणि तो मटकन खाली बसला. खाली राहिलेला रबरी पाइप आणायला त्यानंच बडबड्याला परत धाडलं होतं, आणि पाहुण्यांच्या सरबराईत ते त्याच्या डोक्यातून गेलं होतं. हे तो तेव्हा बाबांसमोर बोलून बसला. संध्याकाळपर्यंत त्याला त्यातलं काही आठवेना.

दुसरा भोंगा तिनं दिलाच नाही. दिवेलागणीला बाबा घरी आले, तेव्हा आई कोरड्या तोंडानं भिंतीला टेकून बसली होती. बाबा म्हणाले, पाणी पी. आई म्हणाली, भोंगा झाला नाही.

“आता होणार नाही. मी सांगतो ना, पी.”

आई उठली आणि पाणी प्यायली. मग तिनं पेला उपडा घातला.

मग ढकलाढकली सुरू झाली. साहेब म्हणाले, मला मुकादमानं सांगितलं. मुकादम म्हणाला, मी निरोप सांगणारा माणूस, काठावर शब्द खऱ्या मालकांचा, सगळ्या खाणीला विचारा. खालचे लोक म्हणाले, आम्ही ट्रकच्या रस्त्यानं आलो, पायवाटेवर काय झालं आम्हाला काय ठाऊक, बडबड्या तिकडून आलाही असेल. ज्यानं त्यानं हात वर केले. राहता राहिला बडबड्या, आणि जन्मात पहिल्यांदाच त्याच्याकडे बोलायला काही नव्हतं. सगळं खापर त्याच्यावर फोडणं सोपं होतं.

साहेब स्वतः घरी आले. एवढी वर्षं खाणीचा कुठलाच साहेब या घरात आला नव्हता, म्हणून आईनं खुर्ची पुसून दिली. ते मऊ आवाजात बोलत राहिले. चौकशीला बाहेरचे अधिकारी येतील. बाबांनी एवढंच सांगायचं, की सगळे पेटीजवळून गेले, बडबड्यापण गेला, “आलो” म्हणाला. नंतर कुणाला न सांगता तो परत खाली उतरला. सकाळपासून त्याच्या तोंडाला वास येत होता, असंही म्हणता येईल. गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो? जाताना साहेब दारात थांबले आणि म्हणाले, नवी पेटी आणायचं मी डोक्यातून काढून टाकलंय, तुम्ही आहात तोवर काठावर तुमचाच शब्द. बाबांनी मान हलवली. आत ओट्याशी उभी असलेली ती बघत होती. मालकांच्या पुढे केलेल्या हाताकडे न बघणारे बाबा साहेबांना सोडायला पायरी उतरून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी ती बडबड्याच्या घरी गेली. खाणीच्या खोल्यांच्या ओळीतली शेवटची खोली त्याची. त्याची बायको, तिच्या वहिनी, पोती शिवायच्या मशीनवर बसल्या होत्या, सुईखाली पोतं होतं, पण मशीन चालू नव्हतं. खुंटीवर बडबड्याचा शर्ट होता, कोपरावर ठिगळ लावलेला. वास येत असल्याची गोष्ट इथवर पोचली होती. खाणीत दगड सावकाश हलतात, बोलणं वाऱ्यासारखं पसरतं. ती खाली बसली.  मग वहिनीच म्हणाल्या, की ते पीत नव्हते, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं नाही, मला ते माहीत आहे. मला दुसरंच विचारायचं आहे.

“ते ‘आलो’ म्हणाले होते का, भोंगेताई?”

ती खुंटीवरच्या शर्टाकडे बघत राहिली.

“म्हणाले असतील आणि मग परत गेले असतील, तर मी त्यांच्यावर रागावेन,” वहिनी म्हणाल्या. “जन्मभर रागावेन, की एवढा कसला वेंधळेपणा. पण म्हणालेच नसतील, तर गेलेल्या माणसावर मी उगाच का रागावू? हा राग घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ, एवढं तरी मला कळू दे.”

“नाही म्हणाले, वहिनी.” मग तिनं उरलेलंही सांगितलं. “त्या दिवशी कुणीच म्हणालं नाही. बाबांनी कुणाचाच आवाज घेतला नाही. आणि मी वरून बघत होते. मीही गप्प बसले.”

वहिनींनी सुईखालचं पोतं ओढून काढलं, त्याची घडी घातली, घडी पुन्हा मोडली. ती वाट बघत होती, की आता या आपल्याला घराबाहेर काढतील. त्या तसं काही बोलल्या नाहीत. चौकशीत हे सांगशील का, असंही त्यांनी विचारलं नाही. उलट म्हणाल्या, “बाप आहे गं तो तुझा. तुझ्या जिवावर येत असेल, तर नको सांगूस. मला कळलं, तेवढं पुरे.”

त्यांनी गळ घातली असती, तर कदाचित तिनं काहीतरी सबब सांगितली असती. त्यांनी मोकळं सोडलं आणि तिला पळायला वाटच उरली नाही.

“सांगेन,” ती म्हणाली. “तुम्हाला इथून घेऊन जाईन आणि तुमच्यासमोर सांगेन.”

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर बाबांनी तिला समोर बसवलं. उद्या कदाचित तुलापण बोलावतील, ते म्हणाले, तर म्हणायचं, भोंग्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही आणि धुळीत काही दिसलं नाही. लहानपणी डब्याच्या वेळी सांगितलं होतं, अगदी त्याच आवाजात. एरवी ती “हो बाबा” म्हणून उठली असती. आज तिला उठता येईना.

“बाबा, त्या दिवशी शब्द कुणाचा होता?”

बाबा म्हणाले, मुकादमानं सांगितलं सगळे आले. ती म्हणाली, मुकादमाच्या सांगण्यावर तुम्ही याआधी कधी मूठ लावली होती?  आई चुलीजवळची भांडी उगाचच इकडची तिकडे करत होती, ते तिनं थांबवलं.

“तुला कळत नाही,” बाबा शेवटी म्हणाले. “मी उद्या म्हटलं, आवाज न घेता मूठ लावली, तर लोक म्हणतील, हा याआधीही असंच करत असेल. मग माझ्या जन्माचं काय राहिलं? माझ्या शब्दावर माणसं बिनघोर खाली उतरतात.”

“उतरतात ना. तोही उतरला होता.” ती म्हणाली. “सगळा जन्म म्हणालात, काठावर शब्द माझा. मग आता अंगावर आला, तरी तो तुमचाच राहू द्या ना, बाबा. मेलेल्याच्या तोंडात कशाला घालता?”

बाबांचा चेहरा क्षणभर असा झाला, की तिला वाटलं, ते आता रडतील. तिनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि पाहायचं नव्हतं. पण त्यांचा हात उजव्या खिशाकडे गेला. साहेबांनी मूठ त्यांच्याकडेच ठेवली होती. कापडावरून ती चाचपत ते म्हणाले, “या घरात या विषयावर आता कुणी बोलायचं नाही.”

कुणी बोललं नाही. दार लावायची वेळ झाली, तशी आईनं दार लावलं.

सकाळी ती लवकर उठली. बाबा तिच्याही आधी उठून बसले होते, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्यांना न्यायला साहेबांची गाडी येणार होती. तिनं केस बांधले, चपला पायात घातल्या. आईची प्रार्थना संपत आली होती. ती संपेपर्यंत आई कुणाशी बोलत नसे, म्हणून ती आईच्या मागे थोडा वेळ उभी राहिली. चूक झाली तर क्षमा कर, असं आई रोज शेवटी म्हणे. आज आईनं ते दोनदा म्हटलं.

“कुठे निघालीस?” बाबांनी विचारलं.

“वहिनींना आणायला. मग त्यांच्याबरोबर कचेरीत.”

“कुणाला विचारून?”

या घरातून कुणी न विचारता बाहेर पडलेलं तिला आठवत नव्हतं.  बाबांच्या खिशाचं कापड ताणलेलं होतं, आतल्या मुठीचा आकार दिसत होता, आणि त्यावर त्यांचा हात. आता तो हात तिला म्हातारा दिसला. नखांत बसलेली दारूची काळी रेघ कितीही घासली तरी जात नसे. लहानपणी खड्ड्याच्या काठावर तिनं हाच हात घट्ट धरला होता.

“आज विचारत नाहीये, बाबा,” ती हळू म्हणाली. “सांगून जातेय.”

 बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते भिंतीकडे बघत राहिले, पेटीशी बसत तसे, पाठमोरे. ते ऐकत होते, की त्यांनी ऐकायचंच सोडून दिलं होतं, ते तिला कळेना.

आई उठली. माठातलं पाणी तिनं पेल्यात भरलं होतं, सकाळचं पहिलं पाणी. ते तिनं ओठाला लावलं नाही. पेला तसाच भरलेला फळीवर ठेवला आणि वर ताटली झाकली.

बाबा म्हणाले, “पाणी पिऊन घे.”

“नाही,” आई म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही म्हणालात म्हणून प्यायले. चुकले मी. आज ही परत येईपर्यंत मी थांबते.”

एवढं बोलून ती भिंतीला टेकून खाली बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी आईनं बाबांना नाही म्हटलेलं तिनं आज पहिल्यांदा ऐकलं. ते इतकं हळू होतं, की शेजारच्या खोलीतही कळलं नसतं.

तिनं वाकून आईच्या पायांना हात लावला. बाबांच्याही पायांना लावायला वळली, पण त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ती जरा थांबली, मग उभी राहिली.

बाहेर धूळ खाली बसलेली होती. खाण बंद होती, त्यामुळे सगळीकडे न सोसवणारी शांतता होती. दूर ओळीतल्या शेवटच्या खोलीच्या दारात वहिनी उभ्या दिसल्या. त्यांच्या अंगावर धुतलेलं लुगडं होतं, आणि हातात काही नव्हतं. तिनं मागे दार ओढून घेतलं, आवाज होऊ दिला नाही, आणि त्यांच्या दिशेनं चालू लागली.